फक्त काजं-बटणं

गिऱ्हाइकांनी तिचं नाव झालंचबाई ठेवलं होतं आणि त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती. दारात कुणी डोकावलं की शिलाई मशीनवरची मान वर न करता ती ठोकून द्यायची, "झालंच! फक्त काजं-बटणं राहिलीत!" कापड तेव्हा बहुतेक वेळा पिशवीतच असायचं. गिऱ्हाईकंही पक्की, तीन-तीनदा विचारल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

त्या मंगळवारी मात्र ती पवित्र शास्त्र उघडंच हातात धरून दुकानात धावत आली. काजं करणारी तिची थोरली नणंद सुईत दोरा ओवत होती.

"वन्सं, ऐका! हा अध्याय मी कितीदा वाचलाय, पण आज अंगावर काटा आला! प्रभू म्हणतो, शपथा-बिपथा नकोतच. होय असेल तर होय म्हणा, नसेल तर नाही म्हणा. त्यावर जे रचून सांगाल ते सगळं सैतानाच्या घरचं!"

"म्हणजे काजं-बटणं?"

"काजं-बटणंच! अहो, आपल्याच दुकानाबद्दल लिहिलंय! आजपासून एकसुद्धा थाप नाही."

"मग शनिवारच्या नवरीला काय सांगणार?" नणंदेनं विचारलं. "तिच्या साटिनला अजून कात्री लागली नाही."

झालंचबाईचा चेहरा खर्रकन उतरला. आणि नेमकी तेव्हाच नवरी दारात उभी! काखेत भला मोठा पुठ्ठ्याचा खोका.

"मावशी, झगा झाला?"

"झालं" जिभेच्या टोकावर आलं. झालंचबाईनं जीभ चावली. लग्न मोडल्यासारखा गहजब होईल, सगळ्या गल्लीत नाव जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. हा शब्द तोंडात नव्या दातासारखा टोचला. "कापलासुद्धा नाही. गेल्या आठवड्यात मी खोटं सांगितलं, पोरी. चुकलं माझं."

"कापलाच नाही? कुठेच नाही?"

"नाही."

नवरीनं खोका खाली टाकला आणि झालंचबाईला कडकडून मिठी मारली.

"मला आजीचाच झगा घालायचाय, मावशी! आईनं हौसेनं साटिन आणलं, वाटलं, आता कापलं असणार, म्हणून गप्प बसले. मग रात्रभर विचार केला, तुम्ही काजं-बटणं राहिलीत म्हणालात, पण साटिनच्या झग्याला तर पाठीला चेन लावायची ठरली होती. चेनच्या झग्याला काजं कसली?"

नणंद इतकी हसली की सुई हातातून पडली आणि तिघी मिळून ती शोधत बसल्या.

खोक्यातून आजीचा झगा निघाला. बाजूच्या शिवणी थोड्या सैल करायच्या, घेर दोन बोटं वर घ्यायचा. पाठीवर मात्र खालपासून वरपर्यंत चोवीस बटणं आणि काजं पार उसवलेली.

"शुक्रवारी संध्याकाळी मिळेल?"

'झालंच समज' दातांपर्यंत आलं. झालंचबाईनं ते गिळलं. झगा उलटा केला, एकेका शिवणीवरून बोट फिरवलं.

"वन्सं, दिवसाला काजं किती होतील? खरं सांगा."

"अशी नाजूक? आठ."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिनं बोटांवर मोजलं, आठ त्रिक चोवीस.

"होय," ती म्हणाली. पुढे काही जोडलं नाही. मग राहवेना म्हणून म्हणाली, "आईला मात्र आजच सांग."

"तिकडेच निघालेय!" साटिनची पिशवी उचलून नवरी पळालीसुद्धा.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. घेर झाला होता, शिवणी झाल्या होत्या, नणंद मान मोडून विसाव्या काजावर होती.

"मावशी, कुठवर आलंय?"

झालंचबाईनं नणंदेकडे पाहिलं. दुसरं सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"फक्त काजं-बटणं राहिलीत गं."

तिचं तिलाच ते जुन्या थापेसारखं ऐकू आलं.

"अगं, खरंच! देवाशप..." तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. मग हात काढून हळूच म्हणाली, "होय. एवढंच राहिलंय."

"बरं, मावशी. पाच वाजता येते," नवरी म्हणाली आणि दुसऱ्यांदा न विचारता तिनं फोन ठेवला.