मंजूर झालेलं विणकाम

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज वयाचा आहे, आळसाचा नव्हे. मी एक जुना यंत्रमाग. मुंबईच्या एका गिरणीने मला भंगारात काढले, तेव्हा भिवंडीच्या लतीफशेठनी मला उचलून आणले. त्यांच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षे मांजरपाट विणला.

१९७४ च्या सुमारास शहरात माग वाढले आणि चालवणारे हात कमी पडू लागले. मागवाल्यांनी सरकारकडे अर्ज केला, ‘गावातल्या बायांसाठी विणकामाचा वर्ग मंजूर करा.’ लतीफशेठनी त्या वर्गाला मलाच देऊन टाकले आणि वर्गाच्या खोलीत नेऊन बसवले. सर्वांत आधी आली जवळच्या पूर्णा गावची ठकुबाई. ती विधवा होती, दुसऱ्या एका कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. माग चालवणाऱ्याला मजुरी बरी मिळते, म्हणून तिला माग शिकायचा होता.

मग मंजुरी समिती आली. नाकाला रुमाल लावूनच आली.

“बंद करा हा आवाज!” अध्यक्ष केसरीनाथराव ओरडले. मला बंद केले.

“कळकट दिसतंय. झाका वर काहीतरी.” माझ्यावर चादर पडली.

त्या चादरीची पाहणी करून समिती जेवायला गेली. दाराशी उभ्या ठकुबाईला कोणी एक शब्द विचारला नाही. असल्या माणसांची मला कीवही येत नाही.

काही महिन्यांनी मंजुरी आली. सोबत आले लोकरीचे गोळे आणि सुया! साहेबांना विणकाम म्हणजे स्वेटर वाटला होता. घामाने निथळणाऱ्या भिवंडीत स्वेटर!

लतीफशेठ धावत केसरीनाथरावांकडे गेले. परत आले ते संतापून.

“काय बोलले साहेब?” ठकुबाईने विचारले.

“म्हणतात, मंजुरी विणकामाचीच आहे ना, मग तक्रार कसली?”

तिने हातातला गोळा खाली ठेवला. “शेठ, मंजुरी नसली तं माग फिरत न्हाय का?”

 शेठ हसले. “माग बिजलीवर फिरतो, बाय. उद्यापासून माझ्या कारखान्यात माग शिकायला ये.”

त्यांनी मला हातगाडीवर घालून परत नेले. सुरुवातीला ठकुबाईचे धागे सारखे तुटत. शेजारच्या मागांवरचे गडी हसत. ती गाठ मारी आणि पुन्हा माग सुरू करी. दिवाळीआधी तिने कापडाचा पहिला ताका उतरवला. पुढे तिने गावातल्या गुणाबाईलाही माझ्यापुढे उभे केले.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला. आणि शिकायला आलेल्या माणसाला आधी विचारा, ‘तुला काय शिकायचंय?’ एवढेही ज्याला जमत नाही, त्याच्या हाती मंजुरीचा शिक्का देऊ नका.