न उघडलेल्या दोन पिशव्या

बालमित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी एके काळी चांगली चालती-बोलती मोटार होते. रंग चंदेरी. आज मी पुण्याबाहेर एका भंगारवाल्याच्या आवारात विटांवर टेकलेली आहे. चाकं केव्हाच गेली, दारं परवा गेली. उरलेसुरले भाग जायच्या आत माझी हकिकत सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यात झाला, तुमच्यासारखाच रडत-ओरडत, म्हणजे हॉर्न तपासत. मला नारायण पेठेतल्या बद्रीनाथ खळदकर सरांनी विकत घेतलं. सर मुख्याध्यापक होते. दिवसा शाळा आणि संध्याकाळी कामगारांची रात्रशाळा, अशा दोन्हीकडे त्यांचा दरारा. त्यांनी मला अकरा वर्षं फार नीट वापरलं. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी तीन वर्षं काढलं नव्हतं. शेजाऱ्याने एकदा लिफ्ट मागितली, तेव्हा सर म्हणाले, "बस आहे ना." मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटायचा.

पेठेत गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून माझा मुक्काम नदीपात्रात, एका झाडाखाली असे. ती सावलीची जागा सरांनी अकरा वर्षं राखली होती. दोन वर्षांपूर्वी जुलैत धरणातून पाणी सोडणार असल्याची घोषणा भोंग्यावरून होत होती. सगळे आपापल्या गाड्या हलवत होते. कुसुमताई, म्हणजे सरांच्या पत्नी, दोनदा म्हणाल्या की अहो, आपलीही काढा. सर खाली येऊन पाण्याकडे बघून गेले. गाडी काढली तर उद्या ही जागा दुसरा कोणी पटकावेल, आणि पाणी काही झाडापर्यंत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाणी झाडापर्यंत आलं, आणि तिथून वरही गेलं. मी दीड दिवस बुडून होते.

मग मला वाळवलं. सीट धुतल्या, गालिचे बदलले, अत्तर फवारलं. मेकॅनिकने माझं सगळं तपासून सरांना एक गोष्ट समजावून सांगितली. माझ्या पुढच्या भागात दोन पिशव्या आहेत. धडक बसली की क्षणात फुगून त्या माणसाचं तोंड वाचवतात. त्यांना एअरबॅग म्हणतात. पाण्यामुळे त्यांना हुकूम देणारी पेटी मेली होती, पिशव्यांच्या आतही पाणी गेलं होतं, आणि म्हणून स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या काचेत लाल दिवा सतत जळत होता. सगळं नवं बसवायचं तर खर्च बराच होता. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि नुसता दिवा घालवायला किती?"

मेकॅनिकने काचेच्या आतून दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. त्याचे पैसेही घेतले नाहीत त्याने, इतकी ती पट्टी किरकोळ होती.

पाच सप्टेंबरला भीमराव आले, तेव्हा मला धुऊनपुसून दारातच उभी केली होती. भीमराव खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस. तीस वर्षांपूर्वी ते दिवसा हमाली करून सरांच्या रात्रशाळेत शिकले होते. दहावीच्या फॉर्मची फी सरांनी भरली होती. तेव्हापासून दर शिक्षकदिनी भीमराव पेढे घेऊन येत आणि सरांच्या पाया पडत. त्या दिवशी त्यांनी आनंदाची बातमी आणली होती. त्यांच्या मुलीला, आम्रपालीला, मांजरीला उसाच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघायचं काम. खडकीहून मांजरी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, म्हणून एखादी जुनी गाडी बघावी म्हणतो, असं ते सहज बोलून गेले.

"मग ही घे," सर म्हणाले. "बाहेर कुठे फसशील."

मित्रांनो, हे वाक्य मी बोनेटखाली अजून ऐकते. भीमराव गेल्यावर कुसुमताई हळूच म्हणाल्या, अहो, त्याला पाण्याचं सांगा तरी. सर म्हणाले की त्याने विचारलं तर सांगेन.

पण तो विचारणार नाही, हे सरांना पक्कं माहीत होतं. कारखान्यातल्या एका मित्राने भीमरावांना सांगितलं होतं की मी मेकॅनिक घेऊन येतो, आधी बघून घेऊ. भीमरावांनी त्याला झटकून टाकलं. ज्या माणसाने आपले पेपर तपासले, त्याच्या दारात आपण मेकॅनिक घेऊन जायचं? त्यांच्या आयुष्याचा सगळा वेळ न तपासलेलं काही पुढे न जाऊ देण्यात गेला होता. मला मात्र त्यांनी किल्ली फिरवूनसुद्धा पाहिलं नाही. सांगितली ती किंमत दिली आणि वर पाया पडले. मालकी बदलाचा कागद सर म्हणाले, मी बघतो, दिवाळीनंतर.

खडकीच्या क्वार्टर्समध्ये माझं फार कौतुक झालं. भीमरावांच्या पत्नी सुंदराबाईंनी आधी मला विहारात नेलं, मगच घरी. माझ्या आत, पुढच्या काचेपाशी, बुद्धाची छोटी मूर्ती बसवली. त्या रोज ओल्या फडक्याने मला पुसत, आतून, बाहेरून, आणि ती लाल दिव्याची काचही. मला इतकी लाज वाटायची, की कधी कधी मी मुद्दाम सुरू होत नसे. पण धक्का मारून ते मला सुरू करत आणि जुनी आहे बिचारी म्हणत.

डिसेंबरात संध्याकाळी मांजरीच्या रस्त्यावर उसाची एक ट्रॉली उभी होती, मागे दिवा नसलेली. आम्रपाली सावकाश चालवत होती. तिने ब्रेक दाबला, माझे ब्रेकही लागले, पण थोडं अंतर कमी पडलं. माझ्या पिशव्या उघडायची हीच वेळ होती. त्या उघडल्या नाहीत. तिचं तोंड स्टिअरिंगवर आदळलं आणि डावा डोळा गेला.

मला पोलीस चौकीमागे आणून टाकलं. चौथ्या दिवशी भीमराव लेकीची बॅग घ्यायला आले. बॅग घेतली तरी ते गेले नाहीत. बराच वेळ माझ्या पिशव्यांच्या झाकणांकडे बघत बसले. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी काट्यांवरची काच उघडली आणि ती काळी पट्टी नखाने सोलून काढली.

तेवढ्यात सर आले. कागदावर अजून त्यांचंच नाव असल्यामुळे पोलिसांनी त्यांना बोलावलं होतं. मुलगी कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. हातातल्या कापडी पिशवीतून मालकी बदलाचा अर्ज काढला आणि पेन पुढे केलं.

"सही कर. आणि तारीख सप्टेंबरची टाक."

भीमरावांनी तळहातावरची पट्टी दाखवली. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"तू विचारलं नाहीस, भीमराव."

एवढंच. तीस वर्षांच्या पेढ्यांवर हे एवढं उत्तर मिळालं. भीमरावांनी अर्ज माझ्या बोनेटवर ठेवला, सही केली आणि खाली तारीख घातली, त्या दिवसाची, डिसेंबरची. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले की तारीख चुकली.

"नाही सर. तपासून लिहिलीय."

ते पाया न पडता गेले. मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. पण मित्रांनो, बरं वाटून काही होत नाही. सरांनी तो कागद फाडला. मालकी वेळेवर न बदलल्याबद्दल त्यांना दंड झाला, तो त्यांनी कुरकुरत भरला. मी कागदोपत्री त्यांचीच राहिले, म्हणून पोलिसांनी मला सोडल्यावर त्यांनी भंगारात विकलं. भीमरावांना कळवलंही नाही.

भंगारवाल्याने माझ्या आत डोकावून विचारलं, की अपघाताची गाडी आहे, एअरबॅग चांगल्या आहेत का?

"उघडल्यासुद्धा नाहीत," सर म्हणाले. "तूच बघ."

त्याने बघितलं आणि खूश झाला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही पिशव्या काढल्या, पुसल्या, आणि चांगल्या भावाने विकल्या. त्या आता कुठल्याशा गाडीत बसवलेल्या आहेत. कुठल्या, ते मला माहीत नाही.

बाळांनो, तुमच्या बाबांनीही गाडी ओळखीच्या, चांगल्या माणसाकडूनच घेतली असेल. आज घरी गेलात की त्यांना एकदा विचारा, घेताना त्यांनी त्या माणसाला काय काय विचारलं होतं. ते हसून म्हणाले, की त्यांना काय विचारायचं, घरचेच आहेत ते, तर उद्या पुढच्या सीटवर बसू नका.