चुड्याखालचा दंड

पुसदच्या बाजारातून माल आणून हुस्नाबी आसपासच्या बंजारा तांड्यांवर बांगड्या भरायला जायची. सुखीबाईच्या तांड्यावर तर तिचा चहा ठरलेला. दोघींचं वय झालेलं, त्यामुळे बांगड्या कमी आणि गप्पाच जास्त व्हायच्या.

एका हिवाळ्यात आरोग्य उपकेंद्रातली नर्स वैष्णवी तिला रस्त्यात भेटली. बिचारी पार कंटाळली होती. म्हणाली, "खाला, तांड्यावरच्या म्हाताऱ्या बीपी तपासू देत नाहीत. पट्टा दंडाले बांधा लागते, अन् दंडभर बांगड्यांचा चुडा. काढा म्हटलं तर सुखीबाईनं मले दारातूनच वापस लावलं."

हुस्नाबीला सुखीबाईच्या वागण्याचं नवल वाटलं नाही. नवरा जिवंत असताना बंजारा बाई चुडा उतरवत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण घरी तिचा नवरा रहमत बीपीपायीच एका अंगानं लुळा होऊन पडला होता.

"चल, मी येते तुह्यासंगं," ती म्हणाली.

दोघी तांड्यावर पोचल्या तशा ओट्यावर बायका जमल्या. सुखीबाई मात्र हात पदराखाली घेऊन बसली.

"मले काईच दुखत नाही. मंग तपासता कायले?"

"रहमतलेबी काई दुखत नव्हतं, बाई. जेवता जेवता हातातला घास खाली पडला."

तरी सुखीबाईचा हात काही पदराबाहेर येईना.

"साबण लावून चुडा कोपराखाली सरकवते," हुस्नाबी म्हणाली. "हातातून निघू देनार नाही. भेव वाटत असन तं पह्यले माहा हात पाह्य."

तिनं बाही वर केली. वैष्णवीनं पट्टा बांधला, आकडा पाहिला, थोडं थांबून पुन्हा बांधला.

"खाला, तुमचंच लय वाढलं आहे."

हुस्नाबी हसायला गेली, पण हसू आलं नाही. दिवसभर फेरी, घरी आलं की रहमतचं सगळं. मध्येच गरगरलं की ती उन्हाला बोल लावायची. स्वतःचा हात तिनं कधी कुणापुढे धरलाच नव्हता. मी पडले तर त्याला कोण भरवील, या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती घाईघाईनं बांगड्या टोपलीत भरू लागली.

सुखीबाई उठली, तिच्या शेजारी येऊन बसली आणि हात पुढे केला.

"सरकव. तू एकटी नोको बसू."

हुस्नाबीनं टोपली बाजूला सारली. साबणाच्या पाण्यानं एकेक बांगडी कोपरावरून खाली आली. हातातून एकही निघाली नाही. किती वर्षांनी त्या दंडाला ऊन लागलं! सुखीबाईचंही बीपी वाढलेलंच निघालं. मग बाकीच्या बायका आपणहून पुढे सरकल्या.

पुढच्या बाजारी दोघी मिळून पुसदला डॉक्टरकडे गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं. अळणी भाजीवरून सुखीबाईनं घरात बरीच भांडणं केली; पण शेजारच्या तांड्यावर जाऊन तिनंच बायकांना सांगितलं, "तपासलं तरी चुडा हातातून निंघत नाही. मी करून पाह्यलं."

उन्हाळ्यात वैष्णवीनं पुन्हा तपासलं. हुस्नाबीचं ठीक होतं. सुखीबाईचं अजून थोडं जास्तच होतं. ती गोळीला दोष देत होती, तेव्हा हुस्नाबीनं नर्सला सांगून टाकलं, "गोळी घेते ना ती. पण लोणच्याची बरणी खाटेखाली लपवून ठेवली हाय तिनं."