न सांगता दिलेली पूड

एका लहान पांढऱ्या गोळीची पूड करंगळीच्या नखावर मावते. दुधात घालून चमचा आठ-दहा वेळा फिरवला की ती दिसेनाशी होते. हे मला नेमके ठाऊक आहे, कारण गेली तीन वर्षे ती पूड रोज माझ्यातच होते.

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना खल आहे. औषधांच्या दुकानातल्या एका कंपाउंडरने मला हौसेने विकत घेतले. तो माझ्यात औषध खलायचा, कागदाच्या पुड्या बांधायचा आणि प्रत्येकाला सांगायचा, "ही तापाची, ही खोकल्याची. कडू आहे हं, तोंड वाकडं करायला परवानगी आहे!" माझ्यासारखा गुळगुळीत खल साऱ्या बाजारात नाही, असे तो म्हणे. पुढे तयार गोळ्या आल्या आणि मी फळीवर धूळ खात पडलो. कंपाउंडर वारला, तेव्हा त्याच्या मुलीने मला घरी आणले.

ती आणि तिचा धाकटा भाऊ एकत्र राहतात. भाऊ घड्याळे दुरुस्त करतो. त्याची चाळिशी उलटली, तरी ती त्याला बारक्याच म्हणते. तीन वर्षांपूर्वी तो आजारी पडला. आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी मिसळते आहे, अशी त्याची खात्री झाली. मनोविकारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या गोळ्या त्याने खिडकीतून फेकल्या.

"न सांगता दुधातून दिल्या तर?" ताईने विचारले.

"तसं करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवशी त्यांची भीती खरी ठरेल. आपण समजावू. वेळ लागेल."

पण बारक्याने जेवण सोडले होते. तो फक्त ताईच्या हातचे दूध पीत होता. ताईने मला फळीवरून काढले.

दोन महिन्यांत तो सावरला. "बघ ताई, एक गोळी न घेता बरा झालो! तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग, दुकान बंद करा म्हणावं." ताई हसली. उद्या सांगू, असे तिने ठरवले. डॉक्टरबाईंना मात्र ती दर वेळी एकटीच भेटे आणि म्हणे, "घेतो तो, स्वतःहून."

यंदा बारक्याचे हात थरथरू लागले. घड्याळाचे स्क्रू चिमट्यातून निसटू लागले. असे झाले तर त्यांना लगेच घेऊन या, औषध बदलता येते, असे डॉक्टरबाईंनी बजावले होते. पण न्यायचे म्हणजे सांगायचे. ताईने मग आपल्याच मनाने गोळी अर्धी केली. आठवड्यात बारक्या ताट हुंगून पाहू लागला. गोळी पुन्हा पूर्ण झाली.

शेवटी तो दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेला. ताई सोबत होती.

"कुठलं औषध चालू आहे?"

"एकही नाही. विचारा हवं तर ताईला!"

ताई फरशीकडे बघत राहिली. सगळ्या तपासण्या झाल्या. कारण सापडले नाही.

मित्रांनो, औषधाला मी दोष देत नाही. त्याने माणूस जेवायला बसला, हे मी पाहिले आहे. पण ज्याच्या पोटात जायचे आहे त्याला सांगून द्या, आणि वेळेवर सांगा. तीन वर्षांनी सांगायला सोपा शब्द उरत नाही. मी जड आहे, टणक आहे, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

काल संध्याकाळी बारक्या चिमटे आणि भिंग एका डब्यात भरून घरी आला. "दुकान सोडलं, ताई. या हातांनी लोकांची घड्याळं बिघडवायची, त्यापेक्षा बरं." मग तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "दूध झालं का गं?"

ताईने पेला बाजूला सारला आणि मला, ताज्या पुडीसकट, टेबलावर त्याच्यासमोर ठेवले. बस म्हणावे, हेही तिला सुचले नाही.

"बारक्या, तुझ्या दुधात तीन वर्षं कोणीतरी गोळी मिसळतंय. ती मी मिसळतेय."