पत्र्यावरची थाप

आमच्या डेपोत त्या दोघांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ड्रायव्हर तो मौनी आणि त्याचा कंडक्टर रेडिओ. मौनी दिवसभरात चार शब्द बोलला, तर आम्ही म्हणायचो, आज बुवा तोंडाचा पट्टा सुटला! रेडिओ मात्र पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत चालू. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. संसार तरी याहून काय वेगळा असतो?

त्यांच्या बसची बेल कधीची बंद पडली होती. तक्रार केली की वर्कशॉपवाले म्हणायचे, सामान नाही. मग रेडिओ मागच्या दाराशी उभा राहून पत्र्यावर दोन थापा मारायचा, आणि थाप ऐकली की मौनी गाडी काढायचा. डेपोतल्या निम्म्या गाड्या अशाच चालायच्या. साहेबांनाही ते ठाऊक होतं.

एके दिवशी टपावर पोती बांधून मागच्या शिडीने उतरलेल्या हमालाने, झालं बाबा काम, म्हणून पत्र्यावर दोन थापा मारल्या. मौनीने गाडी काढली. दारात चढणारे एक गृहस्थ खाली पडले, त्यांचा हात मोडला. रेडिओ केबिनपाशी धावत आला. "अरे, ती थाप माझी नव्हती रे!"

मॅनेजमेंटने मौनीला बडतर्फ केलं. कंडक्टरचा इशारा नसताना गाडी हलवली, संपला विषय. बंद बेलबद्दल अवाक्षर नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! युनियनने फेरचौकशी मागितली, गेटवर सभा घेतली. आम्ही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि सभा संपल्यावर आम्ही शूरवीर आपापल्या ड्युटीवर पळालो. मौनी गेटपाशी एकटाच उभा राहिला. त्याला 'चहाला चल' म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही. साहेबांच्या खिडकीतून गेट दिसतं ना!

त्याची बायको शिवणाच्या कारखान्यात जायची. ती गेली की घर त्याला खायला उठायचं. तो दाढी करायचा, युनिफॉर्मला इस्त्री करायचा आणि पुन्हा कपाटात ठेवायचा. मग खिडकीत बसायचा. रस्त्यावरून आमची गाडी गेली की तोंड फिरवायचा.

"करमत नाही गं," एका संध्याकाळी तो बायकोला म्हणाला. "दिवसभर कोणी बोलत नाही."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो, तुम्ही म्हणताय हे?"

"मला कुठे बोलायचंय? कोणीतरी बोलावं."

रेडिओ येऊ शकत नव्हता. चौकशी होईपर्यंत त्याला भेटलास तर तूही घरी बसशील, अशी साहेबांची तंबी होती.

शेवटी फेरचौकशी लागली. तिला युनियनतर्फे मी हजर होतो. आत जाण्यापूर्वी सेक्रेटरींनी मौनीला स्पष्ट सांगितलं, "हे बघा, थाप रेडिओची असेल तर तुम्ही सुटलात. दुसऱ्या कोणाची असेल, तर आमचा नाइलाज आहे."

अधिकाऱ्यांनी रेडिओला विचारलं, "थाप कोणी मारली?"

साधी वेळ विचारली तरी गोष्ट सांगणारा माणूस तो. म्हणाला, "मी मारली, साहेब."

"प्रवासी चढत असताना?"

"हो. माझं लक्ष नव्हतं."

मौनीने मान वर केली. रेडिओने त्याच्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण ते घर, ती खिडकी त्याच्या डोळ्यांपुढे आली असणार. तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, मला काय तोंड आहे त्याला नावं ठेवायला!

मौनी कामावर परतला आणि रेडिओ बडतर्फ झाला. युनियनने मौनीला हार घातला. तोच हार हातात घेऊन तो रेडिओच्या घरी गेला. रेडिओने दार उघडलं, बसायला खुर्ची दिली आणि समोर बसून राहिला. मौनी कितीतरी वेळ वाट बघत होता. शेवटी रेडिओ एवढंच म्हणाला, "गाडी जपून चालव."

दुसऱ्या दिवशी मी मौनीच्याच बसने कामावर निघालो होतो. गाडीला नवी कोरी बेल बसवली होती आणि कंडक्टर म्हणून एक नवी मुलगी आली होती. तिने डबल बेल दिली. गाडी हलली नाही. तिने पुन्हा दिली. प्रवासी कुरकुरायला लागले. ती तरातरा पुढे आली.

"काका, ऐकू येत नाही का? दोनदा बेल दिली."

"येतंय," मौनी म्हणाला. मग आरशात मागच्या दाराकडे बघत म्हणाला, "पोरी, एकदा मागून पत्र्यावर थाप मारशील?"

"कशाला? बेल चालू आहे की."

"हो," तो म्हणाला, आणि त्याने गाडी काढली.