तेविसाव्या दिवसाचा ग्रह

वेधशाळेत त्यांना सगळे पंपकाका म्हणत. काम एकट्या पंपाचं नव्हतं. आरसा धुणं, घुमटाच्या चाकांना ग्रीस लावणं, केबली उंदरांपासून वाचवणं, अशा सतरा भानगडी त्यांच्याच गळ्यात होत्या. पण दर तेविसाव्या दिवशी दुपारी दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा डबा पंप लावून निर्वात करायचा असे. पंप सुरू झाला की सगळी इमारत घरघरायची, आणि नाव चिकटलं ते त्या घरघरीवरून. कॅमेरा कडाक्याच्या थंडीत ठेवावा लागे. डब्यात हवा शिरली तर तिच्यातली ओल काचेवर गोठणार, म्हणून हा खटाटोप. काका पाळी संपली की वहीत तारीख टाकत, सही करत आणि हात धुऊन घरी जात.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मॅडमनी त्यांना घरी जाऊ दिलं नाही.

मॅडम म्हणजे दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या विभागाच्या प्रमुख. विभाग कसला, एक खोली, दोन संगणक आणि त्या स्वतः. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं तुटक, आणि चहा नेहमी टेबलावर गार होऊन जाणारा. वर्षभर आकाशात दिसणारा एक तारा त्यांनी धरून ठेवला होता. त्या ताऱ्याला नाव नव्हतं, नुसता लांबलचक आकडा होता.

"काका, हात पुसा आणि इकडे या," त्या म्हणाल्या.

पडद्यावर ठिपक्यांची एक ओळ होती. सरळ चाललेली ओळ एका ठिकाणी किंचित खाली वाकली होती, थोडा वेळ खालीच राहिली होती आणि पुन्हा वर आली होती.

"हे काय? बिघडलं का काही?" काकांनी धास्तावून विचारलं.

"बिघडलं नाही हो. हा त्या ताऱ्याचा उजेड. काल संध्याकाळी तीन तास तो शंभरातला एक भाग कमी झाला होता. त्याच्यासमोरून काहीतरी गेलं."

"ढग?"

"ढग असता तर शेजारचे तारेही मंदावले असते. ते जिथल्या तिथे आहेत." मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "ही तिसरी वेळ आहे. दर तेवीस दिवसांनी. काका, तो ग्रह आहे. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला साठ वर्षं लागतात. म्हणजे तुमचा जन्मही झाला नव्हता, तेव्हा तो त्या ताऱ्यासमोरून गेला, आणि आपण बघतोय आत्ता."

काकांनी ओळीतल्या त्या खोलगट जागेवर बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. ग्रीसचं बोट. एवढ्या लांबून, एवढ्याशा अंधारावरून माणसाला एक अख्खं जग सापडावं, या विचाराने त्यांना भरून आलं. बायकामाणसांसमोर डोळ्यांत पाणी येण्याची त्यांना सवय नव्हती. ते "बरं, बरं" म्हणत बाहेर पडले, आणि बसथांबा मागे टाकून घरापर्यंत चालतच गेले.

घरी ताई होती. काकांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिने शाळा सोडून शिवणयंत्र धरलं आणि भावाला वाढवलं. दोघांचीही लग्नं राहून गेली ती गेलीच. ताईला भावाचं काम कधी कळलं नव्हतं. कुणी विचारलं तर "काचा पुसतो कुठेतरी" एवढंच ती सांगायची. त्या दिवशी मात्र तिने दोनदा सगळं सांगायला लावलं.

"पाऊस पडत असेल का रे तिथे?"

"मला काय ठाऊक?"

"मग विचार ना तुझ्या मॅडमना! तोंड शिवलंय का?"

पुढे मॅडमनी शोधाचा लेख छापला आणि त्यात स्वतःच्या नावाखाली काकांचं नाव घातलं. संचालकांनी भुवया वर केल्या, पण मॅडम म्हणाल्या की कॅमेरा ज्याच्यामुळे चालतो त्याचं नाव येणारच. ताईने तो लेख त्यांच्या राहत्या इमारतीत सगळीकडे फिरवला. एका अक्षराचा अर्थ कुणाला कळला नाही, पण काकांचं नाव सगळ्यांनी वाचलं. "माझ्या भावाने ग्रह शोधलाय," ती जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगे, आणि काका मान खाली घालून दोन-दोन पायऱ्या चढत. रोज अंधार पडला की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागली. तारा नुसत्या डोळ्यांना दिसणारा नव्हता. काकांनी दिशा दाखवली होती, तेवढी तिला पुरली.

मॅडमना मात्र तो ग्रह महाग पडला. त्यांच्या नवऱ्याला परदेशात मोठी जागा मिळाली होती, त्यांनाही तिथे काम मिळत होतं. "आत्ता नाही, अजून एक वर्ष मोजमापं घेऊ दे," असं त्या म्हणत राहिल्या. वर्षाची दोन वर्षं झाली. मग नवऱ्याचे फोन थांबले आणि एक दिवस वकिलाचा लिफाफा आला. काका खोलीतला दिवा बदलायला गेले होते, तेव्हा मॅडमनी तो त्यांच्यादेखत फोडला, वाचला, आणि विचारलं, "पुढची पाळी कधी आहे हो पंपाची?"

यंदा दुसऱ्या एका वेधशाळेने मोठ्या दुर्बिणीतून मॅडमच्या ग्रहाची फेरतपासणी करायचं कबूल केलं. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तिने तो तारा पाहिला. उत्तर आलं ते एका ओळीचं होतं. उजेड जराही कमी झाला नाही.

मॅडम हटल्या नाहीत. "वेळ चुकली असेल," त्या काकांना म्हणाल्या. दिवसभरात त्यांच्याशी बोलायला दुसरं कोणी नव्हतंच. "तो कधीकधी उशिरा येतो. मागच्या थंडीत बघा, अख्खा एक दिवस उशिरा आला होता. त्याला ओढणारा दुसरा ग्रह असणार तिथे. मला एक नाही, दोन सापडलेत, काका!"

"मागच्या थंडीत कधी?" काकांनी सहज विचारलं.

मॅडमनी तारीख सांगितली.

काका खाली पंपाच्या खोलीत आले. ती तारीख त्यांच्या चांगली लक्षात होती. आदल्या दिवशी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते दिवसभर दवाखान्यात बसून होते, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा पंपाची पाळी एक दिवस पुढे गेली होती.

त्यांनी वही उघडली. मॅडमच्या लेखातल्या तारखा त्यांना पाठ होत्या. ताईने पाठ करून घेतल्या होत्या. एक तारीख जुळली. दुसरी जुळली. चौदाच्या चौदा जुळल्या. ते उकिडवे बसले आणि बॅटरी घेऊन कॅमेऱ्याचा डबा बघू लागले. काचेभोवतीच्या रबरी कड्याला एका कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. पंपाने ओढ घेतली की तिथून चिमूटभर ओली हवा आत शिरत असणार, आणि संध्याकाळी कॅमेरा पुरता गार झाला की त्या कोपऱ्यात बर्फाचा पापुद्रा धरत असणार. तीन-चार तासांनी तो आपोआप विरत असणार. मॅडमचा तारा चित्रात नेहमी त्याच कोपऱ्यात असे. शेजारचे तारे मधोमध.

त्या रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. ग्रह वादात राहिला असता, जिवंत राहिला असता. पण मॅडम आणखी पाच वर्षं, दहा वर्षं त्या खोलीत बसून एका चिरेमागे आयुष्य घालवतील, हे त्यांना दिसत होतं. सकाळी ते वही घेऊन वर गेले आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी वही वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाल्या, "आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"आज पंपाची पाळी आहे?"

"नाही. अजून नऊ दिवस आहेत."

"आज लावा."

दुपारी इमारत घरघरली. दिवस मावळल्यावर घुमट उघडला, आणि दोघं पडद्यासमोर बसले. पहिले ठिपके सरळ ओळीत आले. काका मनातल्या मनात विनवत होते, की नको, सरळच राहू दे, मीच चुकलेला असू दे, म्हातारा झालोय म्हणून मॅडमनी हसावं मला. सव्वासातला ओळ खाली वाकली. शंभरातला एक भाग. बरोबर तीन तास ती खाली राहिली आणि मग वर आली, अगदी पहिल्या दिवशी आली होती तशीच.

मॅडम हसल्या. ते हसू ऐकून काकांच्या अंगावर काटा आला.

"बोलावला तर लगेच आला की हो," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत राहिल्या. "पूर्ण तेवीस दिवस, काका. ना तास जास्त, ना तास कमी. आणि येणार तो नेहमी संध्याकाळी. कुठला ग्रह आपल्या दिवसांचा हिशेब ठेवून फिरतो? एखाद्या विद्यार्थ्याने हे आणलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. मला दिसत होतं. मी बघितलं नाही."

"मॅडम, चूक माझी आहे. कडं मी तपासायला हवं होतं."

"तुम्ही घरी जा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी लेख मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. त्यात 'उपकरणातला दोष माझ्या लक्षात आला नाही' एवढंच होतं, काकांचा उल्लेखही नव्हता. काका तडक संचालकांकडे गेले आणि शिक्षा मागू लागले. संचालकांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. "अहो, ती चीर कुणालाही दिसली नसती. तुमचा दोष नाही," ते म्हणाले. काकांना वाटलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागितली. पंप दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून तीही मिळाली नाही.

मॅडमच्या नेमणुकीची मुदत वाढवली गेली नाही. जायच्या दिवशी काका त्यांची दोन खोकी उचलायला गेले, तर त्या खोक्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"राहू दे. मी नेते."

"मॅडम, मला तुम्ही..."

"तुम्ही खरं तेच केलंत. मला राग नाही तुमचा," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नाही मला. माफ करा."

एकेक खोकं त्यांनी स्वतः खाली नेलं. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. गाडी निघून गेल्याचा आवाज आला तरी त्यांचा तिथून पाय निघेना. पुढे त्या कुठे गेल्या ते नीट कुणाला कळलं नाही. कुणी म्हणालं, कुठल्याशा गावात मुलांना गणित शिकवतात. कुणी म्हणालं, तेही सोडलं. काकांनी तीनदा फोन लावला. तो उचलला गेला नाही.

ताईला सांगायचं त्यांनी महिनाभर टाळलं. शेवटी एका रविवारी दुपारी, ती सुईत दोरा ओवत असताना, सांगून टाकलं.

तिने सुई खाली ठेवली. "म्हणजे तिथे काहीच नाही?"

"आम्ही बघितलं ते तिथलं नव्हतं. आपल्याच काचेवरचं होतं."

"आणि त्या बाईंचं घर मोडलं ते?"

काकांनी तिची सुई उचलून डब्यात ठेवली.

"दोन वर्षं मी रोज त्या बाजूला तोंड करून बसले," ताई म्हणाली. "दिवसभराचं सगळं सांगायचे रे मी तिकडे. वेड्यासारखी. वाटायचं, कुणीतरी आहे." तिचा आवाज चिरकला. लहानपणापासून काकांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर तिच्या खांद्यावर हात कसा ठेवायचा हेही त्यांना उमगेना.

गॅलरीतली खुर्ची तिने आत आणली. जिन्यात कुणी ग्रहाबद्दल विचारलं तर ती ऐकू न आल्यासारखं करून पुढे जाई. काकांनी नवं रबरी कडं बसवलं, चार वेळा तपासलं, आणि पुढच्या पाळीनंतर शेवटचा एकदा तो तारा लावून पाहिला, तर ओळ सरळच राहिली.

एकदा सकाळी ते कामावर निघाले असताना ताई दारापर्यंत आली.

"त्याच्याभोवती खराच एखादा असेल की रे. आपल्याला सापडला नाही, ते वेगळं."

"असेल."

"मग?"

काकांनी बुटाची नाडी बांधली. पंपाची पाळी होती त्या दिवशी. "आता तिकडे बघणारं कुणी नाही, ताई," ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.