तीन आठवड्यांचा सारस

साहेब, तुम्ही माझे एकसष्ट हजार चारशे पॉइंट गिळलेत आणि साधा ढेकरही दिला नाहीत. तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या प्रत्येक पत्राखाली 'आपला सेवा विभाग' एवढंच असतं. सही नाही, चेहरा नाही. म्हणून झालं ते सगळं लिहून काढतोय. मधेच पानं उलटू नका.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना वर पोचवण्यात सव्वीस वर्षं गेली, पण मी स्वतः तेराव्या मजल्याच्या वर कधी गेलो नाही. तुमच्या विमान कंपनीचं कार्ड घेतलं ते त्यासाठीच. खर्च करा, पॉइंट जमवा, उडा, असं तुम्ही म्हणालात. अकरा वर्षं मी खर्च केला. स्वतःचा कमी पडला तेव्हा दुसऱ्यांचा केला. आमच्या वर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी नवी खुर्ची घेतली, तीही माझ्या कार्डावर. त्यांनी मला रोख दिली, पॉइंट माझे. तेव्हापासून जिन्यात भेटले की ते विचारायचे, "काय, कधी उडताय? त्या विमानाचं एक चाक माझं आहे बरं का!"

उडायची वेळ आली ती अशी. माझ्या मेहुणीची मुलगी नाटकात काम करते. तिला आम्ही चिमणी म्हणतो. तिला पहिल्यांदाच मुख्य काम मिळालं, सारस पक्ष्याचं, आणि पोशाख शिवायचा माझ्या बायकोने. वीस वर्षं बायकोने शाळांचे गणवेश नि उशांचे अभ्रे शिवले. अभ्र्यावर कुणी शिंप्याचं नाव घालत नाही. ह्या वेळी नाटकाच्या पत्रिकेत छापून येणार होतं: पोशाख, आणि पुढे तिचं नाव.

पांढऱ्या ऑर्गंडी कापडाची चारशे बारा पिसं. एकेकाची कड हाताने दुमडलेली, तीनदा खळ दिलेली. आतली तार मी वाकवली. पंख पसरले की सव्वादोन मीटर, मिटले तरी धट्ट्याकट्ट्या माणसाएवढे. घडी घालायची सोय नाही. खळीला मोड पडली की पडली.

नाटक शनिवारी संध्याकाळी, दूरच्या शहरात. बुधवारी आम्ही कापायच्या टेबलाशी बसलो. विमान शुक्रवारचं, दोन तासांचं. रेल्वे गुरुवारची, बावीस तासांची.

"रोख पैसे भरून तिघांची तिकिटं काढली तर?" तिने विचारलं.

"तेवढ्या पैशात तुझं नवीन मशीन येईल."

"मग राहू दे. पॉइंटात?"

"दोन जागांचे बरोबर साठ हजार. तू आणि मी."

"आणि हा?" तिने दाराला टांगलेल्या सारसाकडे बोट केलं.

"हा सामानात."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं बोलायच्या आधीच मागे घेतलं. "बरं, मग तू आणि हा. मी राहतो घरी."

"अहो, रेल्वेने जाऊ की तिघंही. मला काय होतंय?"

काय होतंय! वीस वर्षं मशीनवर वाकून तिच्या पाठीचं धनुष्य झालंय, तिला बावीस तास हादरत न्यायचं? आणि अकरा वर्षं जमवलेलं ते कशासाठी, लोणचं घालायला? मी हट्टाला पेटलो. कॉम्प्युटर उघडला आणि तुमचा अर्ज भरायला घेतला.

प्रवासी पहिला: बायको. प्रवासी दुसरा: नाव सारस, आडनाव आमचंच.

"जन्मतारीख विचारतायत," मी म्हणालो. "चाळीस वर्षांचा करून टाकू?"

"खोटं लिहू नका हं. नंतर दारात अडवतील. शेवटचा टाका बरोबर तीन आठवड्यांपूर्वी घातला, तीच तारीख घाला."

घातली. बटण दाबलं. साठ हजार कापले गेले आणि तिकीट आलं: एक जागा, शिवाय एक तान्हं बाळ, मांडीवर.

तुमच्या मदतीच्या नंबरावर पाऊण तास बासरी ऐकली. मग एक बाई आल्या.

"सर, बाळ किती महिन्यांचं आहे?"

"तीन आठवड्यांचं."

"उंची?"

"उंची राहू द्या, पंखांसकट रुंदी सव्वादोन मीटर."

"सर, बाळाच्या आईशी बोलता येईल का?"

बायकोने फोन घेतला. "मीच. कापलं मी, शिवलं मी."

"अभिनंदन, मॅडम," बाई म्हणाल्या. भल्या होत्या बिचाऱ्या. त्यांच्यावर माझा राग नाही. पण नियम तुमचा होता: दोन वर्षांखालच्याला जागा मिळत नाही, त्याच्या नावाचे पॉइंट परत मिळत नाहीत, आणि बाळाचं तिकीट रद्द केलं की आईचंही जातं. तिकीट रद्द केलं, साठ हजार गेले. उरले होते चौदाशे. ते रद्द करण्याची फी म्हणून घेतलेत.

मी फोन आपटणार होतो. बायको मात्र टेबलावर डोकं टेकून हसत होती. हसता हसता म्हणाली, "उठा आता, रेल्वेची तिकिटं काढा. रोख!"

गुरुवारी डॉक्टर दवाखाना बंद करून स्टेशनपर्यंत आले. सारसाचा एक पंख त्यांनी धरला, एक मी. "चाक गेलं माझं," ते म्हणाले, "निदान पंख तरी धरू दे."

डब्यात वरच्या बर्थच्या हुकाला आम्ही त्याला टांगलं. बायकोच्या पाठीशी मी चार उशा लावल्या, तिनेच शिवलेल्या अभ्र्यांच्या. थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आला. मिशा जाड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"हे कोण?"

"सारस," बायको म्हणाली. मी डोळे मिटून घेतले.

"ह्याचं तिकीट?"

"तीन आठवड्यांचा आहे हो."

त्याने सारसाला खालून वर निरखलं. पेन खिशात ठेवलं. "पाच वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही," म्हणाला. "फक्त रात्री रडायचं नाही." आणि गेला पुढच्या डब्यात.

पाठ दुखलीच. उतरताना तिला मी जवळजवळ उचलून उतरवलं. पण पिसांना एक मोड नव्हती. शनिवारी चिमणीने रंगमंचावर पंख उघडले तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. बायकोने ते ऐकलं. पत्रिका अंधारातही तिच्या हातात उलगडलेली होती आणि बोट तिच्या नावावर होतं.

आता मुद्द्याचं. नाटकाचा पुढचा प्रयोग समुद्रापलीकडे ठरलाय. तिथे रेल्वे जात नाही. पत्रिकेत पुन्हा तिचं नाव छापणार आहेत आणि ह्या वेळी ती उडणार आहे, मांडी मोकळी ठेवून. माझे एकसष्ट हजार चारशे पॉइंट मला परत हवेत, त्यातल्या डॉक्टरांच्या चाकासकट. द्यायचे नसतील तर 'आपला सेवा विभाग' ह्या पडद्यामागून बाहेर या, खाली स्वतःचं नाव लिहा आणि एवढंच सांगा: तुमच्या त्या अर्जात आम्ही एक तरी अक्षर खोटं लिहिलं होतं का?